उंटावरून लांडगे हाकताना: पहिल्यांदाच समनर खेळणाऱ्यांसाठी

डन्जन्स अँड ड्रॅगन्स या भूमिका घेऊन खेळायच्या खेळात मी पहिल्यांदा समनर, म्हणजे मंत्राने प्राणी बोलावून लढवणारं कॅरेक्टर, खेळलो तेव्हा माझा ड्रुइड (निसर्गाची जादू करणारा) नुकताच पाचव्या लेव्हलला पोचला होता. प्राणी बोलावणारं ‘कॉन्जुअर ॲनिमल्स’ हाताशी आलं होतं, समोर चार ऑर्क उभे होते आणि मला एकदाचं सैन्य मिळणार होतं. मी आठ लांडगे मागितले. डीएम, म्हणजे खेळ चालवणारा डन्जन मास्टर, भला माणूस, ‘घे’ म्हणाला.

मग हिशेब सुरू झाला. शत्रूशेजारी आपला कुणी सोबती असला की लांडग्याला ॲडव्हान्टेज मिळतो, म्हणजे दर हल्ल्याला दोन डी२० (वीस बाजूंचे फासे) टाकून मोठा आकडा धरायचा. आठ लांडग्यांचे झाले सोळा. लागलेल्या प्रत्येक चाव्याला दोन डी४, म्हणजे आणखी सोळापर्यंत. शिवाय चावा लागला की ऑर्क आडवा पडतो का, ते बघायला त्याची स्ट्रेंग्थ सेव्ह (ताकदीने वाचायचा फासा), अशा आठपर्यंत. एका पाळीत चाळीस फासे! मी प्रत्येक लांडगा एकेक घर सरकवत होतो, ‘हा कुठला होता, जखमी की धडधाकट?’ विचारत होतो. फायटर खेळणारा मोबाइलमध्ये शिरला. दुसऱ्या राऊंडला रोग (Rogue, चोरपावलांचं कॅरेक्टर) खेळणारी हात जोडून म्हणाली, “भीक नको, पण कुत्रं आवर.”

समनर खेळताना पहिली गोष्ट हीच कळायला हवी. बाकीचे खेळाडू एका पाळीत एका कॅरेक्टरची कामं करतात. तुमच्याकडे पाळ्या जास्त येतात, त्यातच या प्रकाराची सगळी ताकद आहे, आणि त्या पाळ्यांचा वेळ टेबलावरच्या इतरांच्या खिशातून जातो. म्हणून नवख्याला माझं सांगणं एकच: एक प्राणी, तोंडपाठ आकडे, अर्ध्या मिनिटात पाळी. पुढचं सगळं हे कसं जमवायचं याबद्दल आहे.

आधी विचारा: टेबल कुठल्या नियमांवर चालतं?

डन्जन्स अँड ड्रॅगन्स हा खेळ १९७४ सालचा. आज बहुतेक टेबलांवर चालते ती त्याची पाचवी आवृत्ती, आणि तिचेही दोन अवतार आहेत: २०१४चे नियम आणि २०२४चे सुधारित नियम. समनरसाठी हा फरक क्षुल्लक नाही, कारण एकाच नावाचा मंत्र दोन्हीकडे वेगळा वागतो.

२०१४च्या ‘कॉन्जुअर ॲनिमल्स’मध्ये खरेखुरे प्राणी येतात. चॅलेंज रेटिंग (प्राण्याच्या ताकदीचं माप) २चा एक, १चे दोन, अर्ध्याचे चार किंवा पावचे आठ. स्लॉट म्हणजे मंत्र टाकायची मोजकी मुभा, कॅरेक्टरसारखी तिलाही वेगळी लेव्हल असते. वरच्या स्लॉटने टाकलं तर संख्या दुप्पट, तिप्पट, चौपट होते. नवव्या लेव्हलच्या स्लॉटला बत्तीस लांडगे! ज्याने हे टेबलावर पाहिलंय त्याला विचारा. आणखी एक गोम आहे. तुम्ही फक्त वरच्या चार पर्यायांतला एक निवडता. नेमके कुठले प्राणी यायचे ते डीएम ठरवतो. आठ लांडगे मागावेत आणि आठ बेडूक यावेत, हेही नियमातच बसतं.

२०२४मध्ये याच नावाने एक भुतासारखा, अंगाला न लागणारा कळप येतो. त्याला ना हिट पॉइंट (किती मार सोसेल तो आकडा), ना वेगवेगळे हल्ले. कळपाजवळ सापडणाऱ्या शत्रूला सेव्ह करावी लागते, एवढंच. माझ्या मते हा बदल टेबलाच्या भल्याचा झाला, मात्र ‘माझं सैन्य’ वाटण्याची मजा त्यात उरली नाही.

दोन्हींच्या मधला, नवख्यासाठी सगळ्यात चांगला रस्ता २०२०च्या एका पुरवणी पुस्तकातून आला. ‘समन बीस्ट’, ‘समन फे’, ‘समन अनडेड’, ‘समन एलिमेंटल’ वगैरे, सगळ्यांच्या नावाची सुरुवात ‘समन’ने. यात एकच प्राणी येतो. त्याचे आकडे मंत्रातच छापलेले असतात आणि स्लॉटप्रमाणे वाढतात, त्यामुळे राक्षसांचं जाडजूड पुस्तक उघडावं लागत नाही. तुमची पाळी संपली की लगेच त्याची पाळी. तोंडी हुकूम द्यायला ॲक्शन, म्हणजे पाळीतली मुख्य कृती, खर्च होत नाही. हुकूम दिलाच नाही तर तो डॉज घेतो, म्हणजे नुसते वार चुकवतो, आणि धोक्यापासून लांब राहतो. यातले बहुतेक मंत्र २०२४च्या मुख्य पुस्तकातही आले आहेत. सुरुवात यांच्यापासूनच करा.

कॅरेक्टर कुठलं घ्यायचं?

फार डोकं लावू नका, ड्रुइड घ्या. तिसऱ्या लेव्हलला ‘समन बीस्ट’ मिळतं, पाचव्या लेव्हलला ‘समन फे’ येतं, आणि प्राणी नसेल त्या वेळी जखमा भरण्यापासून रस्ता शोधण्यापर्यंत काही ना काही काम हाताला असतं. २०१७च्या पुरवणीतलं ‘सर्कल ऑफ द शेफर्ड’ (ड्रुइडची एक उपशाखा) चालत असेल तर दुसऱ्या लेव्हललाच बोनस ॲक्शनने (पाळीतल्या जादा छोट्या कृतीने) अस्वलाचा आत्मा बोलावता येतो, आणि त्याच्या घेऱ्यातल्या सोबत्यांना ५ अधिक तुमची ड्रुइड लेव्हल एवढे तात्पुरते हिट पॉइंट मिळतात. त्याला कॉन्सन्ट्रेशन, म्हणजे मंत्रावर सतत लक्ष ठेवणं, लागत नाही. याच सर्कलमध्ये सहाव्या लेव्हलला बोलावलेल्या प्राण्याच्या दर हिट डायला (हिट पॉइंट ठरवणाऱ्या फाशाला) दोन जादा हिट पॉइंट मिळतात, पण ‘समन बीस्ट’च्या प्राण्याला हिट डाय लिहिलेलेच नाहीत. तेव्हा ते लागू होतं का, हे डीएमला आधीच विचारून ठेवा. लढाईच्या मधोमध हा वाद काढलात तर सगळेच वैतागतील.

विझर्डला पर्याय भरपूर, पण अंगात जीव कमी. २०१४चा कॉन्जुरेशन (बोलावण्याची जादू) शाखेचा विझर्ड दहाव्या लेव्हलला पोचला की कॉन्जुरेशन मंत्रांवरचं त्याचं कॉन्सन्ट्रेशन मार खाऊन तुटत नाही. ऐकायला झकास आहे, पण ‘समन अनडेड’ हा नेक्रोमन्सीचा (मृतांच्या जादूचा) मंत्र आहे, त्याला हे लागू नाही. इथे पुष्कळ जण फसतात.

वॉरलॉक मला स्वतःला आवडतो. दहाव्या लेव्हलपर्यंत स्लॉट दोनच, पण ते नेहमी वरच्या लेव्हलचे आणि छोट्या विश्रांतीत परत येणारे. प्राणी तासभर टिकतो, म्हणजे एका स्लॉटमध्ये दोन-तीन खोल्या निघू शकतात. फक्त प्राणी पडला की निम्मी पुंजी गेली, हे लक्षात ठेवून खेळावं लागतं.

एक खर्च आधीच सांगतो, कारण तो हमखास विसरला जातो. या मंत्रांना किमतीचं साहित्य लागतं. ‘समन बीस्ट’ला पीस, केसांचा झुपका आणि माशाची शेपटी आत ठेवलेलं सोन्याचा मुलामा दिलेलं ओकचं फळ, किमान २०० सोन्याच्या नाण्यांचं. ‘समन फे’ला तसंच मुलामा दिलेलं फूल, ३०० नाण्यांचं. ते वापरून संपत नाही, पण मुळात जवळ हवं. तिसऱ्या लेव्हलला एवढी नाणी गाठीशी असतीलच असं नाही. डीएमला आधी सांगून ठेवलंत तर तो ते फळ एखाद्या गोष्टीत गुंफून देईल.

आकड्यांचं कार्ड बनवा

आता मुख्य काम. पोस्टकार्डाएवढा पुठ्ठा घ्या आणि दर स्लॉटला एक कार्ड लिहा. ‘समन बीस्ट’चं उदाहरण घेऊ. तुमचा ड्रुइड पाचव्या लेव्हलचा आहे, विस्डम (ड्रुइडच्या मंत्रांचा गुण) १८ आहे. म्हणजे मंत्राने हल्ला करायचा आकडा +७. प्राण्याच्या हल्ल्यालाही हाच आकडा लागतो, त्याचा वेगळा हिशेब नाही.

दुसऱ्या लेव्हलच्या स्लॉटला जमिनीवरच्या प्राण्याचा एसी (त्याला फटका लागायला गाठायचा आकडा) १३, हिट पॉइंट ३०, हल्ला एक, इजा १डी८+६, म्हणजे सरासरी साडेदहा. तिसऱ्या लेव्हलला एसी १४, हिट पॉइंट ३५, हल्ला एकच, इजा १डी८+७. चौथ्याला एसी १५, हिट पॉइंट ४०, आणि हल्ले दोन, प्रत्येकी १डी८+८.

काही दिसलं? दुसऱ्यावरून तिसऱ्या स्लॉटला गेल्यावर पदरात पडलं काय, तर एक एसी, पाच हिट पॉइंट आणि एक जादा इजा. चौथ्याला मात्र सरासरी इजा साडेअकरावरून थेट पंचवीसवर. कारण हल्ल्यांची संख्या स्लॉटच्या निम्मी, तीही खाली उतरवून. म्हणून ‘समन बीस्ट’ सम आकड्याच्या स्लॉटनेच टाकावं. तिसऱ्या लेव्हलचा स्लॉट त्याच्यावर घालवण्यापेक्षा त्यात दुसरं काहीतरी करा. पाचव्या लेव्हलच्या ड्रुइडकडे दुसऱ्या लेव्हलचे तीन स्लॉट असतातच.

उडणाऱ्या रूपाचे हिट पॉइंट दहाने कमी, दुसऱ्या स्लॉटला २०. पण त्याचा उडण्याचा वेग ६० फूट, आणि शत्रूजवळून उडून जाताना त्याच्यावर संधिसाधू हल्ला होत नाही. मात्र सोबत्याजवळचा ॲडव्हान्टेज त्याला नाही, तो जमिनीवरच्या आणि पाण्यातल्या रूपांनाच. माझं साधं सूत्र असं: छप्पर ठेंगणं असेल तर जमिनीवरचा, शत्रूचा धनुर्धारी कड्यावर बसला असेल तर उडणारा.

कार्डावर हे सगळं मोठ्या अक्षरात, आणि खाली हिट पॉइंट खोडायला जागा. मागच्या बाजूला एकच ओळ: ‘हा कसा दिसतो.’ माझा प्राणी नेहमी एका कानाने तुटका असतो, मग लांडगा येवो की घुबड. डीएमलाही आता ते पाठ झालंय.

कॉन्सन्ट्रेशन, म्हणजे तुमचा जीव की त्याचा

प्राणी मारायचे दोन मार्ग शत्रूकडे असतात. एक म्हणजे त्याचे तीस हिट पॉइंट संपवणे. दुसरा, तुम्हाला एक दगड मारणे. शहाणा डीएम दुसरा निवडतो.

या मंत्रांवर लक्ष टिकवून ठेवावं लागतं. मार बसला की कॉन्स्टिट्यूशन (चिवटपणाची) सेव्ह. आकडा १० किंवा इजेच्या निम्मा, दोन्हींत मोठा तो. सेव्ह फसली की प्राणी गायब. बेशुद्ध पडलात तर गायबच. दुसरा कॉन्सन्ट्रेशनचा मंत्र टाकलात तरी पहिला आपोआप सुटतो, आणि ड्रुइडची पंचाईत इथे होते. ‘एन्टँगल’, ‘फेअरी फायर’, ‘मूनबीम’, ‘स्पाइक ग्रोथ’ ही सगळी त्याची आवडती मंडळी कॉन्सन्ट्रेशन मागतात. तेव्हा मंत्रांची यादी तयार करताना निम्मे तरी बिनकॉन्सन्ट्रेशनचे घ्या: ‘हीलिंग वर्ड’, ‘गुडबेरी’ असे. नाहीतर प्राणी उभा असताना तुमच्या हाताला दुसरं कामच उरत नाही.

आकडे बघा. कॉन्स्टिट्यूशनचा +२ असेल तर १०ची सेव्ह जमण्याची शक्यता ६५ टक्के. ‘वॉर कास्टर’ फीटने (फीट म्हणजे कॅरेक्टरला मिळणारं खास कसब) ॲडव्हान्टेज मिळतो आणि ती ८८ टक्क्यांच्या आसपास जाते. ‘रेझिलियंट’ फीटने प्रोफिशियन्सी (सरावाचा जादा आकडा) मिळते. पाचव्या लेव्हलला ती +३, म्हणजे ८० टक्के, आणि लेव्हल वाढेल तशी आपोआप वाढत राहते. चौथ्या लेव्हलला एकच फीट मिळणार असेल तर मी ‘वॉर कास्टर’ घेतो. पुढे दोन्ही.

पण फीटपेक्षाही स्वस्त उपाय आहे: मार खाऊच नका. प्राणी आणल्यावर खांबाआड जा, दाराच्या कडेला उभे राहा. नाहीच जमलं तर स्वतःच्या ॲक्शनने डॉज घ्या. समोरचा +६ने मारत असेल आणि तुमचा एसी १५ असेल तर त्याचा फटका एरवी साठ टक्के वेळा लागतो, डॉज घेतल्यावर छत्तीस टक्के. तुम्ही डॉज घेत राहायचं आणि लांडग्याने लचके तोडायचे, हे उंटावरून शेळ्या हाकण्यासारखं दिसतं खरं, पण नियमांनी उंट दिलाय तर का उतरायचं?

एक पाळी जवळून बघू

अरुंद भुयार. समोर ओग्र नावाचा थोराड राक्षस: २०१४च्या नियमांप्रमाणे एसी ११, हिट पॉइंट ५९, सोट्याचा फटका +६ने, सरासरी इजा १३. तुमचा फायटर त्याला भिडलेला आहे. तुम्ही तीस फूट मागे.

डीएम फायटरची पाळी चालवत असतानाच तुम्ही ठरवलेलं असायला हवं: प्राणी ओग्रच्या मागे उगवेल. मंत्राचा पल्ला ९० फूट आहे, त्यामुळे तो तुमच्या पायाशीच आणायचं बंधन नाही. नवखे खेळाडू इथे चुकतात. प्राणी स्वतःशेजारी आणतात आणि मग ‘अरेरे, पोचतच नाही’ म्हणतात.

तुमची पाळी आली. “समन बीस्ट, दुसरा स्लॉट, जमिनीवरचा. ओग्रच्या पाठीमागच्या अंधारातून तुटक्या कानाचा लांडगा बाहेर येतो. ‘पाय धर!’” एवढंच बोला. लगेच लांडग्याची पाळी. फायटर ओग्रला लागून आहे, म्हणून ॲडव्हान्टेज. दोन डी२० आणि एक डी८, तिन्ही एकदम मुठीतून टाका. पडले समजा ६, १४ आणि ५. तुम्ही म्हणता, “एकवीस. लागलं तर अकरा.” डीएम मान हलवतो. झालं, संपली तुमची पाळी.

इजेचा फासा वेगळा टाकायचा नाही, हा या सगळ्यातला सर्वांत मोलाचा सल्ला. हल्ले दोन झाले की दोन रंगांच्या जोड्या ठेवा, लाल डी२०बरोबर लाल डी८, निळ्याबरोबर निळा. ऑनलाइन खेळत असाल तर डीएमकडून प्राण्याच्या टोकनचा (पडद्यावरच्या सोंगटीचा) ताबा आधीच मागून घ्या आणि हल्ल्याचं बटण तयार ठेवा.

आता ओग्रची पाळी. तो लांडग्याकडे वळला तर तेरा-तेराच्या हिशेबाने लांडग्याला लोळवायला त्याला तीन फटके बसवावे लागतील, आणि ते तिन्ही फायटरच्या अंगावरून टळले. दुसऱ्या लेव्हलचा एक स्लॉट देऊन याहून जास्त काय मिळवणार? लांडगा मेला म्हणून हळहळू नका, तो खरा मरतही नाही, आला तिथे परत जातो. ओग्र फायटरलाच मारत राहिला तर लांडगा दर पाळीला ॲडव्हान्टेजने चावत राहील. +७ने एसी ११ला ॲडव्हान्टेजसकट चुकण्याची शक्यता दोन-अडीच टक्के आहे.

चावण्यापलीकडची कामं

रोग असेल तर प्राणी त्याच्यासाठी सोन्याची खाण आहे. शत्रूच्या पाच फुटांत त्याचा दुसरा कुणी शत्रू शुद्धीवर उभा असला की रोगला स्नीक ॲटॅक (जादा इजेचा घाव) मिळतो, आणि हा ‘कुणी’ तुमचा लांडगा असू शकतो. पाचव्या लेव्हलला ते तीन डी६ आहेत. म्हणजे लांडग्याचा स्वतःचा चावा चुकला तरी त्याने नुसतं उभं राहून साडेदहाची कमाई करून दिली. माझ्या त्या हात जोडणाऱ्या मैत्रिणीचं मन मी शेवटी असंच जिंकलं.

भुयाराचं तोंड अडवून बसणं, पळणाऱ्यावर संधिसाधू हल्ला करणं, संशयास्पद फरशीवरून पुढे चालत जाणं ही सगळी त्याचीच कामं. उडणारा प्राणी दोर घेऊन दरीपलीकडे जातो. शक्य असेल तर दार उघडण्याआधीच बोलवा. मंत्र तासभर चालतो आणि लढाईतली ॲक्शन वाचते. फक्त गुपचूप आत शिरायचा बेत असेल तर मंत्र पुटपुटल्याचा आवाज होतो, हे विसरू नका.

बाकीच्या वाटा, आणि एक खड्डा

‘फाइंड फॅमिलियर’ हा पहिल्या लेव्हलचा मंत्र समनरची बालवाडी आहे. टाकायला एक तास लागतो आणि दहा नाण्यांचं साहित्य जळून जातं, पण कॉन्सन्ट्रेशन नाही आणि मुदतही नाही. त्याने आलेला छोटा सोबती हल्ला करू शकत नाही, पण मदत करू शकतो. घुबड घ्या: शत्रूजवळ झेपावतं, सोबत्याच्या पुढच्या हल्ल्याला ॲडव्हान्टेज देतं आणि मार न खाता उडून जातं. हिट पॉइंट एकच, तेव्हा लाड करू नका. समनर जमेल का अशी शंका असेल तर दोन-तीन सत्रं नुसतं घुबड चालवून बघा.

मेलेल्यांना उठवणाऱ्या ‘ॲनिमेट डेड’ला कॉन्सन्ट्रेशन लागत नाही, म्हणून सगळे त्याच्यामागे धावतात. अट अशी की ताबा फक्त चोवीस तासांचा. मुदत संपायच्या आत मंत्र पुन्हा टाकला नाही तर सांगाडे तुमचं ऐकणं सोडतात. एकदा टाकून चारांवरचा ताबा टिकवता येतो. म्हणजे रोज सकाळी स्लॉट मोजायचा, आणि हुकूम द्यायला बोनस ॲक्शन. त्यात गावाच्या वेशीवर चार सांगाडे घेऊन उभं राहिल्यावर पहारेकरी काय करतील, आणि पार्टीतला पॅलाडिन (धर्मयोद्धा) काय म्हणेल, ते वेगळंच. पहिल्या मोहिमेला नको.

आणि खड्डा म्हणजे २०१४चं ‘कॉन्जुअर एलिमेंटल’. टाकायला एक मिनिट लागतं, येतं ते एलिमेंटल (माती, आग अशा तत्त्वाचा जीव) दणकट. पण इथे कॉन्सन्ट्रेशन तुटलं तर एलिमेंटल जात नाही. ते मोकळं होतं, उलटतं, आणि बोलावल्यापासून तास पूर्ण होईपर्यंत तिथेच राहतं. मी एकदा मोठ्या दिमाखात मातीचं एलिमेंटल आणलं, १२६ हिट पॉइंटांचं धूड. दुसऱ्याच राऊंडला कुठल्याशा गॉब्लिनचा बाण मला लागला. सेव्हचा आकडा अवघा १०. फाशावर पडले तीन. गॉब्लिन पळून गेले आणि उरलेली संध्याकाळ आम्ही माझ्याच पाहुण्याशी लढलो. ‘समन एलिमेंटल’ घेतलं असतं तर ते निमूट गायब झालं असतं. मंत्र निवडताना ‘कॉन्सन्ट्रेशन तुटल्यावर काय होतं’ ही ओळ सगळ्यात आधी वाचायची, हे मी तेव्हापासून शिकलो.

पाथफाइंडर या अशाच दुसऱ्या खेळाच्या दुसऱ्या आवृत्तीवर खेळणाऱ्यांसाठी थोडक्यात. तिथे समनर नावाचा वेगळा क्लासच आहे, २०२१ साली आलेला. त्याचा आयडोलन कायमचा जोडीदार असतो. दोघांचे हिट पॉइंट एकच आणि ॲक्शनही वाटून घ्यायच्या. दोघे एकाच स्फोटात सापडले तर इजा एकदाच धरतात, जी जास्त ती. याशिवाय बोलावण्याचे मंत्र आहेत, पण टाकायला पाळीतल्या तिन्ही ॲक्शन जातात, मग दर पाळीला एक ॲक्शन तो टिकवायला, आणि प्राण्याला मिळतात दोन. शिवाय तो तुमच्यापेक्षा बराच खालच्या लेव्हलचा असतो, त्यामुळे मुख्य खलनायकापुढे त्याच्याकडून फटक्याची आशा धरू नका. त्याला अडथळा म्हणून वापरा.

डीएमशी पाच मिनिटं

पहिल्या सत्राआधी विचारायचे प्रश्न मोजकेच. प्राणी कोण निवडणार? लढाईत त्याला कोण हलवणार, मी की तुम्ही? एका वेळी किती प्राणी चालतील? शेवटच्या प्रश्नाला बहुतेक डीएम आधी गप्प होतात आणि मग ‘दोन’ म्हणतात. त्याआधीच तुम्ही ‘मी एकच आणेन’ म्हणालात तर पुढे अर्ध्या शंकांचा निकाल तुमच्या बाजूने लागतो, हा माझा अनुभव.

जास्त प्राणी आणायची वेळ आलीच तर इजा टाकू नका, स्टॅट ब्लॉकमध्ये (प्राण्याच्या आकड्यांच्या तक्त्यात) छापलेली सरासरी धरा. लांडग्याची ती ७ आहे. सगळ्यांनी एकाच शत्रूवर जायचं, आणि जखमी कोण ते मिनिएचरखाली रंगीत चकती ठेवून दाखवायचं. एवढं केलं तर चार लांडगेही दीड मिनिटात आटपतात. आठ मात्र माझ्याच्याने आजही होत नाहीत.

घरी तालीम

पहिल्या सत्राच्या आदल्या दिवशी टेबलावर तो ओग्र मांडा. एक बाटलीचं बूच म्हणजे फायटर, एक तुमचा ड्रुइड, एक लांडगा. मोबाइलवर तीस सेकंदांचा टायमर लावा आणि पाच राऊंड एकट्याने खेळा: तुमची पाळी, लांडग्याची पाळी, ओग्रची पाळी. तुमचं आणि लांडग्याचं मिळून तीस सेकंदांत उरकायला हवं, तोंडाने मोठ्याने बोलून. दुसऱ्या राऊंडला ओग्रने तुम्हाला मारलं असं धरा आणि कॉन्सन्ट्रेशनची सेव्ह खरोखर टाका, कारण टेबलावर हीच विसरते. टायमर वाजला तर बघा, वेळ कुठे गेला. कार्डावर आकडा शोधण्यात गेला असेल तर तो मोठ्या अक्षरात लिहा. लांडगा कुठे न्यावा या विचारात गेला असेल, तर तो विचार ओग्रच्या पाळीतच उरकायची सवय लावा आणि टायमर पुन्हा सुरू करा.